एकच कोपरा

आईचे उपकार माणसाला या जन्मी फेडता येत नाहीत, असं थोरल्यानं स्टुलावर उभं राहून जाहीर केलं. तेवढ्यात स्टूल डुगडुगलं, म्हणून उरलेलं वाक्य त्यानं खाली उतरून, भिंतीला धरून पूर्ण केलं. वाक्य आईला उद्देशून असलं तरी ऐकवायचं होतं धाकट्याला. धाकट्यानं ड्रिल सुरू केलं.

आईचं स्वयंपाकघर एवढंसं. दाराची भिंत थोरल्याची, खिडकीची धाकट्याची. वाटणी कुणी केली नव्हती. भिंती दोन, मुलगेही दोन, ती आपोआप झाली. जुन्या फळ्या मोडकळीला आल्या तेव्हा दोघांनीही वेगवेगळं येऊन आईला सांगितलं होतं, की वरची कपाटं मी करून आणतो. आईनं दोघांनाही बरं म्हटलं. नाही म्हणायचं तर कुणाला, हे तिला ठरवता आलं नाही.

दोघांचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते आता दोघांनाही नीट आठवत नसे; पण आठवत नाही हे आधी कबूल कोण करणार, यावर गाडं अडलं होतं. त्यामुळे कामाचं सगळं बोलणं आईमार्फत चाललं होतं. थोरला म्हणे, आई, त्याला म्हणावं, ती टेप काय जन्माची घेऊन बसलाय का. आई हातभर अंतरावरच्या धाकट्याकडे वळून सांगे, दादाला टेप हवीय रे बाळा. उलट येणारे निरोपही ती असेच धुऊन, वाळवून, घडी घालून पोचवत होती.

वरची कपाटं लावताना कोपऱ्यातलं आधी लावायचं आणि मग दोन्हीकडे सरकत जायचं, हे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. या दोघांनाही होतं. दोघंही बापाच्याच हाताखाली तयार झालेले. पण कोपऱ्यापासून सुरुवात करायची तर एकमेकांना खेटून उभं राहावं लागलं असतं. म्हणून थोरला दाराकडून निघाला आणि धाकटा खिडकीच्या पलीकडून. दिवसभर एकमेकांकडे पाठ करून दोघं जवळ जवळ येत गेले. काम मात्र दोघांचंही सुरेख. दारं नुसत्या बोटानं मिटत होती.

दिवस कलला तेव्हा कोपरा तेवढा उरला. थोरल्यानं बाहेरून कोपऱ्याचं कपाट आणून ओट्यावर ठेवलं. धाकट्यानंही आपलं आणून शेजारी ठेवलं. तेही कोपऱ्याचंच होतं. दोन्ही तिरक्या दाराची, दोन्ही एका मापाची. माप घ्यायला शिकवणारा एकच होता, फरक पडणार कुठून.

मग थोरला म्हणाला, आई, त्याला विचार, कोपरा माझ्या भिंतीला लागून आहे की नाही. धाकटा म्हणाला, आई, त्याला सांग, माझ्या भिंतीनं काय घोडं मारलंय. आवाज चढत गेले. आईनं निरोप पोचवणं केव्हाच थांबवलंय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. शेवटी दोघंही तिच्याकडे वळले आणि कुणाचं लावायचं ते आता तूच सांग म्हणाले. यावर मात्र एकमत होतं.

आईनं दोन्ही कपाटांवरून हात फिरवला. हात कुठं थांबतो, इकडे दोघांचं लक्ष होतं. तो तिनं मागे घेतला.

"चुकलं माझंच," ती म्हणाली. "धाकटा झाला तेव्हाच तुमच्या बाबांना सांगायला हवं होतं, कोपरा आणखी एक काढा म्हणून."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. पण घरातली साखर संपलीय असं सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. थोरला हातातल्या स्क्रूड्रायव्हरची मूठ निरखायला लागला. धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरी पकडली गेली की व्हायचे तसे.

जरा वेळानं थोरला खालच्या आवाजात म्हणाला, आई, त्याचंच लागू दे. धाकटा म्हणाला, नको, त्याला म्हणावं, मोठ्याचं लागू दे. यावरूनही पुन्हा जुंपली असती, पण दोघांनाही आता स्वतःचा आवाज ऐकवेना. थोरल्यानं आपलं कपाट उचललं, बाहेर नेलं आणि दार भिंतीकडे करून ठेवून दिलं. परत येऊन त्यानं धाकट्याच्या कपाटाची एक बाजू धरली.

कोपऱ्याचं कपाट एकट्याला पेलत नाही. दोघांनी ते वर चढवलं. जे टाळायला दिवसभर आटापिटा केला, तेच शेवटी झालं होतं. नाकासमोर नाक, हात सगळे कपाटाखाली, आणि बघायला दुसरीकडे जागा नाही. धाकट्यानं घसा खाकरला.

"दादा, तुझ्या बाजूनं किंचित वर."

थोरल्यानं वर घेतलं. "आता?"

"आता बरोबर."

मधे आई नव्हती, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं आणि दोघंही आणखीच ओशाळले. थोरल्याचे दंड थरथरायला लागले. धाकटा म्हणाला, आई, ते ड्रिल घे आणि स्क्रू तेवढे पिळ. सुताराच्या घरात जन्म काढलेल्या बाईला त्यात नवं काही नव्हतं.

आईनं ओट्यावरच्या ड्रिलकडे पाहिलं. मग त्या दोघांकडे पाहिलं, बराच वेळ. मग तिनं दाराआडचा झाडू घेतला आणि भुसा लोटत लोटत, अगदी सावकाश, ती कोपऱ्यापर्यंत आली.

"जरा पाय उचला," ती म्हणाली.