तिसरं कडवं

तिसरं कडवं आलं आणि पुरुष गप्प झाले. पेटी चालू होती, ढोलकी चालू होती. फक्त उजव्या बाजूचे सगळे बाप्ये डोळे मिटून, माना खाली घालून उभे राहिले. डावीकडे बाया होत्या मोजक्याच. त्यांनी ते कडवं कसंबसं पार पाडलं. चौथ्याला पुरुष पुन्हा छप्पर हलेल अशा आवाजात सुरू झाले.

गौरीने टेपरेकॉर्डर बंद केला. "हे मध्येच काय झालं?"

गौरी यवतमाळच्या एका शाळेत संगीत शिकवायची. ख्रिस्ती गीतं कुणी रचली, कशापायी रचली, हे शोधत हिंडायचं तिला वेडच लागलं होतं, आणि आता त्याचं पुस्तक व्हायचं होतं. आर्णीजवळच्या या खेड्यातल्या चर्चमध्ये ती एकाच गीतासाठी आली होती. विदर्भातल्या कितीतरी चर्चमध्ये ते गायलं जायचं, पण छापील पुस्तकात त्याखाली कवीचं नाव म्हणून 'अज्ञात' एवढंच होतं.

"अज्ञात कायचे? माहे आजोबा होत ते," पेटीवरचा भीमराज सकाळपासून सांगत होता. शांतवन मास्तरांचं नाव त्या गीताखाली छापून यावं, एवढी एकच इच्छा त्याने लहानपणापासून उराशी धरली होती. चर्चचे किती पाळक आले अन् गेले, कुणी मनावर घेतलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकत होतं, म्हणून त्याने भर उन्हात लग्नातला कोट चढवला होता.

"मॅडम, तिसऱ्या कडव्याले आजोबाले रडू फुटे," तो म्हणाला. "मान खाली घालून उभे राहत ते. त्याइच्या मानासाठी आमी बी म्हनत नाही."

गौरीला हे आवडलं, पण पटलं नाही. पहिल्या दोन कडव्यांत दयासागर होता, चरणकमल होते. चौथ्यात थेट सिंहासन. आणि मध्येच हे तिसरं शेतात उतरलेलं:

बोंड फुटले, बोट फाटले, ओटी तरी भरली,
तुझ्याच नावे मूठ पहिली बाजूला मी धरली.

एका कडव्यापुरता कवी भारदस्त शब्दांचा कोट असा काढून ठेवतो का?

तिने टेप लावून पाहिला. तिसरं कडवं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. त्या साली बोंडअळीने गावचा कापूस खाल्ला होता, उरलेल्याला भाव नव्हता, आणि बाया रविवारच्याही दारव्ह्याकडे दुसऱ्याच्या शेतात वेचणीला गेल्या होत्या.

"काही फिकर नाही," भीमराज म्हणाला. "या वक्ती बाप्येही म्हनतील. म्हना रे तिसरं, सगळे!"

"म्हनू नका!"

भिंतीजवळच्या खुर्चीतून मानीबाई ओरडल्या होत्या. मानीबाई म्हणजे भीमराजची आत्या, शांतवन मास्तरांची लेक. चर्चमध्ये त्यांचा आवाज गाण्यापलीकडे कुणी ऐकला नव्हता.

"आत्या, टेपवर येऊन नाही राह्यलं बायाइचं."

"नाही आलं तरी चालते. बाबानं नाही म्हटलं कधी ते."

"रडू ये म्हनून ना."

"रडू?" मानीबाईंना हसूच आलं. "तू पाह्यलं ते त्याइचं म्हातारपन. मान झुकली होती अन् डोयातलं पानी मोतीबिंदूचं होतं. आधी तर ताठ उभे राहत. बायाइच्या बाजूनं पाहत अन् हासत."

गौरी पुढे सरकली. "मग गात का नव्हते?"

"त्याइचं नव्हतं ते, बाई. दोन कडवे झाले अन् बाबा अडकले. आई कापूस येचता येचता काहीबाही म्हने, तेच घेतलं त्यानं. म्हने, जिचं हाय तिनं म्हनावं. छापाले देताना आईले म्हने, तुहं बी नाव देतो. आई लाजली. लोक हासतील म्हने. मंग बाबा म्हने, तुहं नाही तर माहंही नाही."

भीमराजचा हात भात्यावरून निसटला आणि पेटी कण्हली. त्या 'अज्ञात'वर तो जन्मभर चिडला होता. तो शब्द आजोबांनीच मागून घेतलेला निघाला. आता राग धरावा तर कुणावर?

"तू कधी बोलली काहून नाही, आत्या?"

"तुमी सगळे इतक्या भावानं डोये मिटता. मले वाटे, आईसाठीच मिटता."

गौरीने हळूच विचारलं, "मग भीमराजभाऊ, नाव कुणाचं छापायचं?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो असा आला. भीमराजने कोटाचं बटण उगाच काढलं, लावलं. मग आत्याकडे वळला. "लोक हासतील का वं?"

"हासू दे."

"सगुणाबाई," तो गौरीला म्हणाला. "आजीचं नाव सगुणाबाई. दोघाइचं द्या, मॅडम. नाही तर अज्ञातच राहू द्या."

गौरीने टेपरेकॉर्डर उचलला आणि बायांच्या अगदी जवळ नेऊन ठेवला. गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

तिसरं कडवं आलं. पुरुष गप्प झाले. मान मात्र एकानेही खाली घातली नाही.