मेलीस की ये

“गाडगं दारात आणू नगंस. गोठ्याकडं ठेव,” लालासाहेब ओसरीवरूनच म्हणाले.

बाई गोठ्याकडं वळली. काखेत तांबड्या फडक्यात बांधलेलं गाडगं, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. नाव सांगितलं मनुबाई. मुंबईला मिस हेमलेखाच्या घरी भांडी घासायला होती म्हणे. बाई गेल्या, राख घेऊन आले, एवढंच बोलली.

मिस हेमलेखा म्हणजे लालासाहेबांची धाकटी बहीण बनू. सोळाव्या वर्षी घरातून पळाली आणि मूकपटात शिरली. तासगाव तालुक्यातल्या खानदानी घरांनी नाकं मुरडली. त्याच घरांतले बापये सांगलीच्या तंबूत बसून तिच्यावर शिट्ट्या मारून आले. लालासाहेबांनी तिचा एकही सिनेमा पाहिला नाही, आणि हे ते विचारलं नाही तरी सांगत.

पुढं बोलपट आले. पडद्यावरच्या राणीच्या तोंडून ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ निघालं, तशी कंपनीची मंडळी पोट धरून हसली. मुकी होती तोवरच ती राणी होती.

तेव्हा बनू एकदा गावी आली होती. लालासाहेब उंबऱ्यावर आडवे उभे राहिले. “जिती असेस्तवर ह्या घरात पाऊल न्हाई. मेलीस की ये. राखेला जागा दीन.” तिची मोटार माघारी गेली. यांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि पोटभर जेवले.

आता राख आली होती, आणि नेमकी वेळेवर आली होती. फलटणच्या सयाजीरावांनी आपल्या मुलासाठी लालासाहेबांची लेक पसंत केली होती, पण सुपारी फोडत नव्हते. “तुमची ती सिनेमावाली हाय तवर भावकीत आमाला तोंड दावता यायचं न्हाई,” असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. आता लालासाहेबांनी लगेच घोडेस्वार धाडला. दहावा येरळा नदीच्या काठी, साऱ्या गावासमोर. या, डोळ्यांनी बघा.

“पेपरात कसं आलं न्हाई गं?” त्यांनी मनुबाईला विचारलं.

“बाईस्नी पेपरवाले कवाच इसरले, सरकार.”

ती गोठ्यात शिरली. दारावरची तुळई फार खाली. नवखा माणूस तिथं डोकं आपटतोच. ही पदर धरून वाकून गेली.

लालासाहेबांच्या बायकोनं, राहीबाईंनी, तिला जेवायला हाक मारली. “आवं, आत या की.”

“बाईस्नी गावला न्हाई त्यो उंबरा मला कशाला, वैनीसाब? हितंच वाढा.”

लालासाहेब खूश झाले. “बघा! भांडी घासणारी, पर पदर ढळू देत न्हाई. न्हाईतर आमची बनी!”

दहाव्याला झाडून सारं गाव नदीवर आलं. शिट्ट्या मारणारे तर सगळ्यांत पुढं, डोईला टॉवेल गुंडाळून, तोंडं पाडून. पिंड द्यायचा म्हणून लालासाहेबांनी मिशी उतरवली होती. सयाजीराव त्यांच्या मोकळ्या ओठाकडं बघत दगडावर बसले.

राख ओतताना लालासाहेबांचा हात थबकला. हाडाचा तुकडा नाही. नुसती करडी भुकटी आणि मधेमधे जरीच्या वितळलेल्या गाठी.

“अस्थी समुद्रात सोडल्या, सरकार,” मागून मनुबाई म्हणाली. “बाईस्नी शालू नेसवला हुता.”

सरणावरसुद्धा नटली, लालासाहेबांच्या मनात आलं. मग उगाच लहानपण आठवलं. मळ्यात पाखरं हाणताना त्यांच्या गोफणीचा धोंडा बनीच्या डाव्या भुवईला लागला होता. भुवईचे दोन तुकडे झाले. पोरीनं आईला सांगितलं, बांधावरून पडले. त्यांनी मान झटकली आणि पिंड दर्भावर ठेवला.

कावळे बाभळीवर बसले होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला, उडून गेला.

“काय इच्छा ऱ्हायली आसंल. बोला,” भटजी म्हणाले.

“बने, मळ्यात आबांच्या शेजारी तुझा दगड बसवीन.”

एकही कावळा हलला नाही.

“दरसाल तुझ्या नावानं सवाष्ण जेवू घालीन.”

ऊन चढलं. लोक कुजबुजू लागले. सयाजीराव उठले, धोतर झटकलं. “लालासाहेब, मेली तरी तुमच्यावर रुसलेलीच दिसती. आसल्या घरची लेक आमी करायची म्हंजे...”

लालासाहेबांनी त्यांची वाट अडवली. ते मनुबाईकडं वळले. “तू हुतीस न्हवं जवळ? मरताना काय मागितलं तिनं?”

“जाऊ द्या, सरकार. तुमच्यानं व्हायचं न्हाई.”

“बोल म्हंतो ना!”

“दादानं चार लोकांत एकदा घरात ये म्हणावं. दुसरं काय न्हाई.”

“आन् येवढ्यासाठी खोळंबा?” लालासाहेबांना हसूच आलं. राखेला घरात ये म्हणायला काय लागतंय? त्यांनी हात जोडले, छाती भरून घेतली आणि पार पैलतीरापर्यंत जाईल असा आवाज काढला. “बने! माझं चुकलं! घर तुझं हाय. कवाबी ये, आन् हक्कानं ऱ्हा! सारं गाव साक्षीला हाय. सयाजीराव, तुमीबी ऐका!”

पुढच्या टॉवेलवाल्यांनी डोळे पुसले. सयाजीरावांनी मान डोलावली आणि परत बसले. सगळ्यांच्या नजरा बाभळीवर लागल्या.

कावळा काही आला नाही. मनुबाई पुढं आली, वाकली, पिंड उचलला आणि येरळेत फेकून दिला. मग दोन्ही हातांनी तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. डाव्या भुवईचे दोन तुकडे होते.

“आले, दादा. चल घरी.”