साइटवरची कोंबडी

“बाबा, हे तुम्ही साइटवर टाकलंत?”

समीक्षानं मोबाइल सासऱ्यांच्या नाकासमोर धरला. सहदेव ओटीवर बसून चहात खारी बुडवत होते. त्यांनी मान डोलावली. “कालचं हाय ते. वाच ना मोठ्यानं, तुझी सासू पण ऐकंल.”

समीक्षानं वाचलं. ‘समस्त मंडळींस कळविण्यात येते की, दिवाळीच्या पाडव्यापासून बेपत्ता असलेल्या आमच्या तांबड्या कोंबडीचा आजही पत्ता नाही. संशय मुंगसावर आहे. सौ. चंद्राबाईंनी मुंगसाला शिव्या दिल्या. जेवल्या मात्र.’

तिनं कपाळावर हात मारून घेतला. साइट होती त्यांच्या पोशीर गावातल्या तीन खोल्यांची. शेतावर राहायला या, चुलीवरचं जेवा, असं सगळं. लग्न होऊन आल्यावर तिनंच हौसेनं बनवलेली. पण भातं कापून झाली तरी साइटवर आपले श्रावणातले धबधबे! लोक बघायचे आणि पुढं जायचे. समीक्षाला कर्जतला नोकरी लागली, वेळ मिळेना, म्हणून तिनं सासऱ्यांना फोटो चढवायला, लिहायला शिकवलं आणि सांगितलं, “रोज काहीतरी ताजं टाकत जा.” त्यानंतर तिनं साइट उघडून पाहिली ती आज.

आता सहदेव म्हणजे कोण? मारुतीच्या देवळाबाहेरचा फळा जन्मभर ज्यांनी लिहिला, ते. कोण वारलं, कोणाकडं हळद आहे, कोणाचा बैल सुटलाय, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. पुढं गावाच्या बातम्या मोबाइलवर फिरायला लागल्या आणि फळा कोरा पडला. सहदेवांचे हात शिवशिवत होते. त्यांनी साइटचाच फळा केला.

“अहो, हरवलेली कोंबडी वाचून कोण येणार आपल्याकडं?” समीक्षाचा आवाज रडवेला झाला. रडवेला होणारच. तिच्या नवऱ्यानं, ऋषिकेशनं, रविवारची मुदत दिली होती. तोवर बुकिंग आलं नाही तर तिन्ही खोल्या नेरळच्या बिल्डिंगवाल्या ठेकेदाराला, मजुरांना राहायला. आज रविवार होता. ठेकेदाराचा फोन कधीही येणार होता.

फोन आला, पण समीक्षाच्या मोबाइलवर, आणि तोही बोरिवलीहून. कोणी भाविका म्हणून बाई होत्या.

“कोंबडी सापडली का हो?”

“अं? नाही अजून,” समीक्षा म्हणाली.

“आमच्या सोसायटीतली पोरं रोज उठल्या उठल्या तुमची साइट उघडतात. दात नंतर घासतात! येत्या शनिवारी आम्ही चार घरं येतोय, कोंबडी शोधायला. तिन्ही खोल्या आमच्या. ठेवाल ना?”

ठेवाल ना म्हणे! समीक्षा फोन ठेवून ओटीवर लहान पोरीसारखी नाचली. आणि नेमकी त्याच वेळी घरामागून चंद्राबाईंची हाक आली. “अवो, मिळाली! गंजीमागं अंडी घालून बसलेली सटवी! पिल्लं काढल्यात!”

झालं. समीक्षा धावत मागं गेली. पेंढ्याच्या गंजीआड तांबडी कोंबडी पंख फुगवून बसली होती आणि तिच्या पोटाखालून चिवचिवाट चालला होता. “आई, हळू बोला! बाबा, शनिवारपर्यंत साइटवर एक अक्षर लिहू नका. त्यांचं त्यांना सापडू दे ना, पोरं किती खूश होतील!”

सहदेवांनी वाकून पिल्लं मोजली. मग म्हणाले, “समीक्षा, फळ्यावर मी गावातलं सगळंच लिवलं नाय. कोणाची पोरगी पळाली ते नाय लिवलं. पण खोटं कंदी लिवलं नाय. तिकडं पोरं काळजी करणार आणि कोंबडी माझ्या दारात? मला नाय जमायचं गं.”

“मग गेल्या खोल्या,” मागं येऊन उभा राहिलेला ऋषिकेश म्हणाला.

सहदेवांनी मोबाइल घेतला आणि एका बोटानं सावकाश लिहिलं. ‘आनंदाची बातमी. कोंबडी सुखरूप. नऊ पिल्ले. मुंगसाची जाहीर माफी मागण्यात येत आहे.’

समीक्षा रागावली होती, खूप रागावली होती. पण मुंगसाची माफी वाचून तिला हसू फुटलंच. जाऊ दे, ती मनाशी म्हणाली, असा सासरा कोणाला मिळतो? तिनं पिल्लांसाठी पाटीत पेंढा अंथरला.

पाटी ओटीवर येते न येते तोच फोन वाजला. पलीकडं पोरांचा नुसता कालवा.

“नऊ?” भाविका ओरडूनच बोलत होत्या. “नावं ठेवलीत का? ठेवू नका हां! इथं आत्ताच भांडणं लागलीत. बारसं आमच्यासमोर करायचं. आणि आता चार नाही, सात घरं येतायत. खोल्या पुरल्या नाहीत तर आम्ही ओटीवर झोपू!”

समीक्षानं सगळ्यांना सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

“कोंबडीच्या पिल्लांचं बारसं!” चंद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. “अगं बाई, मग घुगऱ्या भिजत घालाया लागतील.” आणि त्या चणे बघायला आत गेल्यासुद्धा.

तेवढ्यात ऋषिकेशचा मोबाइल वाजला. ठेकेदार. ऋषिकेशनं बायकोकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं.

“नाय दादा, खोल्या नाय देता येणार. शनिवारी घरात बारसं हाय. लई पाव्हणे येतायत.”

“अरे वा! अभिनंदन!” ठेकेदाराचा आवाज ओटीभर ऐकू आला. “मुलगा का मुलगी?”

ऋषिकेशनं पाटीत वाकून पाहिलं.

“आत्ताच नाय कळत,” तो म्हणाला. “नऊ हायत.”