दात्यांवरचं कुंकू

आमच्या पंचवीस वर्षं जुन्या पिकअपचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा गिअरचा डबा, वेग चाळिसाच्या वर गेला की कण्हायचा. उद्या आमच्या लेकीला, ईशानीला, सामानासकट त्याच पिकअपमधून कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत सोडायचं होतं. म्हणून ड्राइव्हवेवर गाडी जॅकवर चढवून मी डिफरन्शियलचं कव्हर काढलं.

गिअरचे दाते एकमेकांवर नीट बसतात का, हे पाहायला त्यांना रंग फासून चाक फिरवतात. रंगाची पेस्ट संपली होती. मी देवघरातलं कुंकू तेलात कालवलं.

"पूजा चाललीय की रिपेअर?" माझ्या बायकोने, वैजयंतीने, किचनच्या खिडकीतून विचारलं.

चाक फिरवलं. दात्यांवर घासल्याच्या खुणा हव्या होत्या. उमटले बोटांचे ठसे. लहान, पाच.

"तू हात लावलास?" मी बायकोला विचारलं.

"त्या घाणीला? मी?"

मी तर ग्लव्ह्ज घातले होते. ठसे पुसले, ब्रशने पुन्हा कुंकू लावलं, चाक फिरवलं. या वेळी दाते स्वच्छ होते. कुंकूच नव्हतं.

काढलेलं कव्हर माझ्या मागे पालथं पडलं होतं. उलटून पाहिलं. आतल्या बाजूला पाच लाल, ओली बोटं उमटली होती.

"बाबा, झालं का काम?" ईशानी दारातून म्हणाली. "बंद करून टाका ना."

बंद करायला माझी हरकत नव्हती. फक्त त्या बोटांचा मालक आत होता की बाहेर, एवढं आधी कळायला हवं होतं.