आक्काच्या वाईनचं कौतुक

द्राक्षांची तोडणी संपली, वाईन पिंपात भरली आणि आक्काने अंथरूण धरलं ते पंधरा दिवस. पिंपातल्या वाईनची पातळी उतरली की वरून भर घालायची, नाहीतर हवा शिरून ती नासते. एवढ्यासाठीसुद्धा तिला उठता आलं नाही. शेजारची, स्वतःही वाईन करणारी मैत्रीण दरवर्षीसारखी चव घ्यायला आली. वीस वर्षांत या बयेने आक्काच्या वाईनला शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं. आज तिने घोट घेतला, कसाबसा गिळला.

"छान झालीय गं."

आक्का मटकन खोक्यावर बसली. "भवाने, शिव्या दे की!"

"कुठल्या तोंडाने देऊ?" मैत्रिणीने बाह्या वर सारल्या. "ऊठ, ओतून टाकायला हात लावते. माझं नासलेलं पिंप सकाळीच गटारात ओतून आलेय. मीही अंथरुणातच होते."