दोन बाटल्या रक्त

श्रीनाथनं तिसऱ्यांदा साबणानं हात धुतले. बोटांना काही लागलेलं नव्हतं, पण त्याचं हे असंच. धामणकर नाक्याजवळच्या नर्सिंग होमच्या लॅबमध्ये लागून दीड वर्ष झालं, तरी लोकांच्या लघवीच्या बाटल्या नि थुंकीच्या डब्या बघून त्याचं नाक मुरडलेलंच. मग हे काम पत्करलं कशाला, मेल्या? पण नाही, पांढरा कोट घालायची हौस!

आज मात्र ऑपरेशनच्या टेबलावर त्याचा बापच होता. कापडाचे तागे भरलेल्या टेम्पोनं चिंतामणी मास्तरांना नाक्यावर उडवलं होतं. मांडीचं हाड बाहेर आलेलं.

"दोन बाटल्या रक्त हवं," डॉक्टर आतून ओरडले. "तासाभरात. नाहीतर मास्तर हातचे जातील. आणि गट त्यांचाच आण, दुसरा मला नको."

ठाण्याच्या ब्लड बँकेतून आणायचं तर मानकोलीपर्यंत ट्रकांची रांग लागलेली. साल अठ्ठ्याऐंशी, भिवंडीत रक्त हवं असेल तर माणूसच धरून आणावा लागे.

श्रीनाथनं मास्तरांचं रक्त तपासलं. एबी. त्याचा विश्वास बसेना. दुसरी स्लाइड घेऊन पुन्हा केलं. पुन्हा एबी.

तो स्वतः ओ होता, कॉलेजातच कळलेलं. आणि आई असो की बाप, दोघांतलं एक जरी एबी असलं तरी मूल ओ होत नाही, हा प्रश्न त्याला परीक्षेत पाच मार्कांना आला होता. घरी त्यानं कितीदा म्हटलं असेल, चला, तुमचे गट बघून ठेवू. दर वेळी आईच मध्ये पडायची. "आम्हा म्हाताऱ्यांचं कसलं रक्त बघतोस? जेवायला बस!"

ती मध्ये का पडायची ते आता कळलं.

तो बाहेर आला. बाकावर त्याची आई सुमती बसली होती, साडीवर मास्तरांचं रक्त वाळलेलं. शेजारी दाऊदभाई. ते मास्तरांचे घरमालक, नि पंचवीस वर्षांचा घरोबा. स्वतःच्या कापडाच्या लूमवरचे चार गडी घेऊन धावत आले होते. दोघं अगदी हळू आवाजात बोलत होती.

"वहिनी, आता तरी त्याला सांगून टाकू."

"नको. माझी शप्पथ आहे तुम्हाला."

श्रीनाथनं दोन्ही वाक्यं ऐकली. बस्स! आणखी काय ऐकायचं राहिलं होतं?

त्यानं एकेकाला आत बोलावून बोटं टोचली. गड्यांपैकी एकटा कासम एबी निघाला. बिचाऱ्यानं शिफ्ट सोडून एक बाटली दिली, वर चहासुद्धा घेतला नाही. शेवटी दाऊदभाईंचं बोट पुढे आलं. श्रीनाथनं त्यांचं रक्त तपासलं.

ओ.

दर ईदला घरी येणारा शीरखुर्मा त्याला आठवला. दहावी पास झाल्यावर दाऊदभाईंनी दिलेली सायकल आठवली. केसांतून फिरणारा त्यांचा हात आठवला. शी! शी! शी! त्यानं बेसिनमध्ये जाऊन चूळ भरली, तरी तोंडातला कडवटपणा जाईना.

"माझं चालंल का बेटा?" दाऊदभाईंनी विचारलं.

"बेटा म्हणायचं नाही!" श्रीनाथ फुत्कारला. "आणि इथे थांबायचंही नाही. निघा."

दाऊदभाई मान खाली घालून जिना उतरले. त्या भल्या माणसाला असं हाकलताना या पोराची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

वीस मिनिटं उरली होती. अजून एक बाटली हवी होती.

सुमती लॅबच्या दारात येऊन उभी राहिली.

"माझं बघ."

"अहो बाई," श्रीनाथ म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला अहो म्हटलं. "ज्यांना आयुष्यभर फसवलंत, त्यांच्याच अंगात तुमचं रक्त घालू? मला पोटात वाढवताना किळस नाही आली तुम्हाला? मला येतेय. तुमची येतेय, त्या दाऊदची येतेय, माझ्या स्वतःच्या अंगाची येतेय!"

खाडकन थोबाडीत द्यायला हवी होती त्याच्या. तिनं दिली नाही. तिच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं.

"तुला काय बोलायचंय ते उद्या बोल," ती म्हणाली. "परवाही बोल. मी ऐकून घेईन. आधी सुई टोच."

आतून डॉक्टरांनी पुन्हा हाक मारली.

मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं त्यानं तिचं बोट कापसात धरलं. त्याच बोटानं तिनं त्याला पाटीवर अक्षरं गिरवून दिली होती, पण ते आठवायला त्याला सवड कुठे होती! सुई त्यानं गरजेपेक्षा खोल खुपसली. ती हूं की चूं करेना.

त्यानं स्लाइड उजेडात धरली. खाली ठेवली. पुन्हा रक्त घेऊन दुसरी केली. मग स्टुलावर बसला.

"काय रे?" सुमतीनं घाबरून विचारलं. "जमत नाही का?"

श्रीनाथनं दोन्ही स्लाइड्स शेजारी शेजारी ठेवल्या.

"अरे, सांग ना! ह्यांना चालेल ना माझं?"

"चालेल," तो कसाबसा म्हणाला. "तुझंही एबीच आहे, आई."