सोळाच्या वरचा आकडा

गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची. सरकारी आरोग्य पाहणीचे अर्ज भरणाऱ्या बाई पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडून शेवटच्या घरी पोचल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना सून कुशीवर वळवत होती. “यांची देखभाल रोज किती तास करता?” बाईंनी विचारलं. त्या आकड्यावरच मदतीला परिचारिका मिळायची होती. सून हसली. “मी कुठे काय करते? घरीच तर असते.” “चोवीस लिही, बाई,” सासूबाई कण्हल्या. “हिला मान वर करायला फुरसत नाही.” बाईंनी चोवीस लिहिलं. कचेरीत साहेबांनी अर्ज बाद केला. “सोळाच्या वरचा आकडा चूक धरायचा. माणूस झोपतो की नाही?” परिचारिका आलीच नाही. सासूबाई वर्षभरात गेल्या, सुनेची कंबर कायमची धरली, साहेबांना बढती मिळाली. बाई निवृत्तीपर्यंत चोवीसवाल्या घरांपुढे सोळाच लिहीत आल्या, आणि तिथे परिचारिका जात राहिल्या.